दोन वेळची धार

वेब ॲप्लिकेशनसाठी लोड बॅलन्सर निवडणं हे खरं तर एका दुपारचं काम. दोन-तीन ठिकाणचे दर मागवायचे, आपल्या खिशाला काय झेपतं ते बघायचं आणि ऑर्डर देऊन मोकळं व्हायचं. आम्हाला गणपतीपासून घट बसेपर्यंत वेळ लागला. दोष एकाही पेटीचा नव्हता. असलाच तर माझ्या सासऱ्यांचा होता, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आधी आमचा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कसबा बावड्यात राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही एक वेब ॲप्लिकेशन चालवतो. केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की किती लिटर, किती फॅट हे तिथल्या काट्यावरून थेट आमच्याकडे येतं, आणि किटली घेऊन माणूस घरी पोचायच्या आत त्याच्या मोबाईलवर दिसतं. हे सगळं माझ्या नवऱ्यानं, विश्वजितनं उभं केलं. मी बरोबर होते, पण डोकं त्याचं. पुण्यातले त्याचे मित्र उंटावरून शेळ्या हाकायचे, "सर्व्हर घरात कशाला ठेवतोस, क्लाउडवर भाड्यानं घे." त्यांना आमचे चेअरमन लोक माहीत नाहीत. ते येऊन विचारतात, "आमचं दूध कुठल्या पेटीत हाय, ती दावा." त्यांना क्लाउड कुठून दाखवायचा? म्हणून आतल्या खोलीत तीन सर्व्हर, आणि त्या तिघांच्या पुढं विश्वजितचा एक जुना कॉम्प्युटर.

केंद्रावर गर्दी झाली की एखादा दांडगा माणूस मध्ये उभा राहतो आणि "तू हिकडं, तू तिकडं" करत रांगा लावतो. तो जुना कॉम्प्युटर नेमकं तेच करायचा. आलेलं काम तीन सर्व्हरवर वाटून द्यायचा, कुणा एकावर भार पडू द्यायचा नाही. त्यालाच लोड बॅलन्सर म्हणतात. बाजारात तयार पेट्या मिळतात, पण विश्वजितनं प्रोग्राम स्वतः लिहिला होता आणि जुन्या कॉम्प्युटरवर बसवला होता. तो अधूनमधून अडकायचा. मग विश्वजित उठून, त्याला दोन शिव्या घालून, हातानं काम इकडचं तिकडं करायचा.

गेल्या ऊस हंगामात विश्वजित गेला. राधानगरीकडच्या एका केंद्राचं काम करून मोटरसायकलवरून येत होता. अंधार पडत होता आणि उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. यावर मला जास्त बोलायचं नाही. बोलायला लागले की त्या ट्रॉलीवाल्याचा गळा धरावासा वाटतो, आणि तो बिचारा टायर पंक्चर झाला म्हणून थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं आणि सासऱ्यांचा फोन वाजला. मेसेज आला होता. वर नाव विश्वजित, खाली, "सगळं दूध आलं. बरं हाय." शेजारी बसलेल्या बाईनं ते वाचलं आणि ती किंचाळलीच.

त्यात जादू काही नव्हती. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे हंबीररावांना, मी मामा म्हणते. हे मामा रोज सकाळी खाली येऊन "आलं का दूध? समद्यांचं आलं का?" करून विश्वजितचं डोकं खायचे. त्यांचं तोंड बंद करायला त्यानं एक युक्ती केली होती. जुन्या कॉम्प्युटरला डोंगल लावून त्यात आपलं कॉलेजपासूनचं सिम घातलं. सकाळचं संकलन संपून सगळ्या केंद्रांचे आकडे त्या कॉम्प्युटरातून व्यवस्थित पुढं गेले की तो आपोआप मामांना आणि मला हा निरोप पाठवायचा. एखादं केंद्र राहिलं तर निरोप नाही. माणूस गेला हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? त्यानं आपलं काम केलं.

मी तो निरोप बंद करायला उठले तर मामांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दोन दिवस दुखत होतं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून ते राहिलं. रोज सकाळी मामा वरच्या पडवीत फोन घेऊन बसायचे. निरोप आला की मोठ्यानं वाचायचे, "बरं" म्हणायचे, आणि मगच चहाचा कप तोंडाला लावायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघंच. चहा निवून जायचा, साय धरायची, पण निरोपाआधी त्यांनी कधी कपाला हात लावला नाही.

आणि तो निरोप यावा म्हणून मी दिवस उगवायच्या आधी उठून खाली जाऊन बसत होते. विश्वजितच्या माघारी तो कॉम्प्युटर जास्तच अडकायला लागला. त्याचा प्रोग्राम फक्त त्यालाच कळत होता. मी कुठं सुरू कर, कुठं बंद कर, एका सर्व्हरवरची केंद्रं दुसऱ्यावर टाक, असं करत सकाळ निभावून न्यायची. सगळं दूध आलं की तो निरोप माझ्याही फोनवर यायचा. विश्वजित. बरं हाय. मी खालच्या खोलीत, अंगात कालचेच कपडे, आणि मला बरं काहीच नव्हतं. पण वरून मामांचं "बरं" ऐकू आलं की मी उठून तोंड धुवायची.

हे असं चालणार नव्हतं. दिवाळी जवळ येत होती. दिवाळीच्या तोंडावर संस्था दूधफरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरचे वरचे पैसे, जाहीर करतात, आणि त्या दिवशी म्हातारी माणसंसुद्धा नातवाला मोबाईल उघडायला लावून आपला फरक बघतात. सगळा जिल्हा एकदम दारात. त्या दिवशी जुना कॉम्प्युटर मान टाकणार आणि संस्था दुसऱ्याकडं जाणार, हे मला दिसत होतं. तयार पेटी घ्यायलाच हवी होती. पेटी आली की जुना कॉम्प्युटर वाटेतून बाजूला होणार, त्यातून दूध जाणार नाही, म्हणजे विश्वजितचा निरोप बंद. मला हे माहीत होतं. मामांनाही माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं. त्यावर ते "बरं बगू" म्हणाले, आणि त्यानंतर आम्ही दोघांनी निरोपाचं नाव काढलं नाही. भांडलो ते फक्त पेट्यांवरून.

पेट्या आणायचा ऋषभ. त्याचं शाहूपुरीत कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि तो विश्वजितच्या वर्गातला. पहिली पेटी त्यानं आणली ती मोठ्या कंपनीची. चित्रांचं पुस्तक पुढं ठेवून म्हणाला, "वहिनी, ह्यात समदं हाय. सुरक्षेचं कामसुद्धा पेटीच करती. सर्व्हर नुसते आरामात."

मी किंमत विचारली. त्यानं सांगितली, आणि वर दर वर्षी परवान्याचे वेगळे, हेही चहा संपता संपता सांगितलं. नाकापेक्षा मोती जड. मी नको म्हणणारच होते, पण मामांनी आधीच हात हलवला.

"म्हंजे म्हैस आमची, आनि दाव्याचं भाडं वर्साला त्येंला? न्हाय जमायचं."

मामांचा जन्म म्हशींत गेला. बावड्यातच काय, पार नेसरीपर्यंत कुणाला म्हैस घ्यायची झाली की हंबीररावांना बाजाराला घेऊन जायचे. त्यामुळे त्यांच्या डोक्यात जगातली प्रत्येक वस्तू म्हशीच्याच मापानं मोजली जाते. माझं लग्न ठरलं तेव्हा मलाही त्यांनी आपादमस्तक बघितलं होतं. काय निकाल दिला ते विश्वजितनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसरी पेटी वापरलेली होती. तशी स्वस्त, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातनं निघालेली. मामा म्हणाले, "दुभती म्हैस कोण दावणीवरनं सोडून इकतंय व्हय? कायतरी खोड असणार." खोड होतीच. त्या पेटीला कंपनीकडून नवे अपडेट मिळायचे बंद झाले होते. मीही नको म्हटलं.

तिसरी मात्र आमच्या मापाची होती. लहानशा कंपनीची, साधी, वर्षाचा परवाना नाही, बिघडली तर बदलून देण्याची हमी. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांसाठीच कुणीतरी बनवली असावी. मी सगळं वाचून काढलं, ऋषभला दहा प्रश्न विचारले, आणि मला एकही उणं सापडलं नाही. मामांना तीन सापडली. पेटी फार हलकी आहे. रंग काळा आहे. चालू करून बघितली तर पंख्याचा आवाज येत नाही.

"आवाज न्हाय तर चालू हाय का मेलीया, कळायचं कसं?"

"मामा, पुढं हिरवे दिवे आहेत की."

"दिवं काय, गनपतीतबी असत्यात."

ऋषभ हसला. मला हसू आलं नाही. इतक्या दिवसांची झोप डोळ्यांत होती आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "मामा, पेटीत खोट नाही. तुम्हाला घ्यायचीच नाही. सरळ सांगा की तसं. मग फरकाच्या दिवशी संस्थावाले दारात येतील तेव्हा तुम्ही बोला त्यांच्याशी, मी नेसरीला माहेरी जाऊन झोपते!"

सासऱ्यांशी असं बोलायची माझी ही पहिलीच वेळ. मामा माझ्याकडं बघत राहिले. चिडतील असं वाटलं, पण चिडले नाहीत. ऋषभकडं वळून म्हणाले, "दोन येळची धार बगितल्याबिगर आमी इसार देत न्हाय. हितं लाव. सांजची बगू, सकाळची बगू. मग सांगतो."

म्हैस घेताना आमच्याकडं अशीच घेतात. विकणाऱ्याच्या शब्दावर कुणी जात नाही. संध्याकाळची आणि सकाळची, दोन्ही धारा आपल्या डोळ्यांदेखत काढायच्या आणि मगच पैशाला हात घालायचा. पण ही रीत दोन्ही बाजूंना बांधते. धार बोललेल्या मापाला उतरली तर घेणाऱ्यालाही मागं सरता येत नाही. मागं सरला तर बाजारात त्याची किंमत राहत नाही. मामांना ही रीत माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी ते बोलले. पेटी कुठंतरी अडखळेल, एवढ्या आशेवर बोलले, हे मला तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋषभ पेटी घेऊन आला. तिला जुन्या कॉम्प्युटरचाच नेटवर्कवरचा पत्ता द्यायचा होता, म्हणजे गावोगावच्या काट्यांना काही बदलावं लागणार नाही. त्यासाठी जुना कॉम्प्युटर बंद करणं भाग होतं. मी मामांना म्हटलं, "मामा, उद्या सकाळी निरोप यायचा नाही."

"कळतंय मला," ते म्हणाले. "एका दिसाचं तर हाय."

मी बटण दाबलं. त्या कॉम्प्युटरचा पंखा इतकी वर्षं घरघरत होता. तो थांबला तेव्हा खोलीत कुणीतरी बोलायचं थांबल्यासारखं वाटलं.

संध्याकाळची धार सरळ उतरली. मामा स्टूल टाकून पेटीसमोर बसलेले. संकलन ऐन भरात असताना त्यांनी ऋषभला विचारलं, "एक सड आटला तर?"

ऋषभला कळलं नाही. मी सांगितलं, "एक सर्व्हर बंद पडला तर काय, असं विचारतायत."

"बंद पडू दे की काका. पेटी दर थोड्या वेळानं तिघांस्नी हाक मारती. जो ओ देत न्हाय, त्याच्याकडं काम धाडत न्हाय. उरलेल्या दोघांवर भागतंय."

मामांनी हात घातला आणि एका सर्व्हरची वायर ओढून काढली. विचारलं नाही, सांगितलं नाही. स्क्रीनवर आकडे येत राहिले. एकाही केंद्राचं दूध अडलं नाही. मामांनी वायर हातात धरून बराच वेळ स्क्रीनकडं बघितलं, मग ती माझ्याकडं दिली आणि जेवायला वर गेले. ताटात हात फिरवला आणि उठले.

सकाळी मी सवयीनं लवकरच जागी झाले. खाली गेले, तर करण्यासारखं काहीच नव्हतं. केंद्रं एकामागून एक सुरू झाली, पेटी गुपचूप वाटून देत होती. ऋषभही उजाडताच आला. मामा आज पडवीत बसले नाहीत, फोन घेऊन आमच्यातच येऊन बसले. मी चहा आणून दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

शेवटचं केंद्र संपलं. सगळे आकडे आले होते, तेही रोजच्यापेक्षा लवकर.

"झालं काका," ऋषभ म्हणाला. "सकाळची धार बी उतरली."

"समद्यांचं आलं?"

"सगळ्यांचं आलं, मामा," मी म्हटलं.

मामांनी फोन वर उचलला. काच शर्टाला पुसली आणि डोळ्यांजवळ धरली. मग माझ्याकडं बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग अजून सांगंना कसा ह्यो?"

मामांना दुसऱ्याच क्षणी उमगलं. चेहरा कसा उतरतो ते मी तेव्हा बघितलं. ऋषभ भिंतीकडं तोंड करून वायरी गुंडाळायला लागला, गुंडाळायच्या नव्हत्या त्याही.

मामांनी फोन खिशात ठेवला. आता ते नाही म्हणाले असते तर मी हट्ट धरला नसता. खरंच सांगते, मी मनात ठरवलं होतं की म्हातारं नको म्हणालं तर नको, फरकाच्या दिवशी काय व्हायचं ते होऊ दे. पण हंबीरराव आयुष्यात कधी धार बघून फिरले नव्हते.

"म्हैस खरी हाय," ते ऋषभला म्हणाले. "ठेव. आमी घेतली."

ऋषभ त्यांच्या पाया पडला आणि गेला. चहावर साय आली होती.

मी मामांसमोर खाली बसले. रात्रीपासून जे बोलायचं घोळत होतं ते बोलून टाकलं. "मामा, डोंगल दुसऱ्या मशीनला लावता येतं. मी छोटा प्रोग्राम लिहिते. त्याच नंबरवरनं, तोच निरोप, तसाच येत राहील."

"लिवणार कोन?"

"मी."

"म्हंजे तू सांगनार, आनि नाव त्येचं."

मी खाली बघितलं. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता.

"एवडं दीस बी तूच सांगत हुतीस की गं," ते म्हणाले. "मला काय दिसत न्हवतं व्हय? रोज हितं यिऊन बसतीस. पोरीचं डोळं खोल गेलं, आनि मी वर बसून बरं बरं म्हनतोय. पोरगा सांगतोय म्हनतोय." मग हात काढून घेत म्हणाले, "न्हाय लिवायचं काय. उद्यापास्नं तू झोप. माझ्या गळ्याची आन हाय."

त्या रात्री मी झोपले. किती महिन्यांची झोप होती कोण जाणे, जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन पायावर आलं होतं. धडपडत उठले, सवयीनं चहा गॅसवर ठेवला. सकाळचं संकलन होऊन गेलं होतं. पडवीत मामा नव्हते. केस तसेच सोडलेले, मी जिना उतरून खाली धावले.

मामा पेटीसमोर स्टुलावर बसले होते. अंगात बनियन, फोन मांडीवर उपडा.

"पळू नगं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "दूध आलं समदं. मी बसलोय पयल्यापास्नं. दिवं हिरवं हायत." आणि मग, शेजाऱ्याला एखादी साधी गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं, "तेजू, आता त्यो कदीच सांगनार न्हाय, व्हय?"

इतक्या महिन्यांत घरात आम्ही दोघांनी "विश्वजित नाही" असं एकमेकांना एकदाही म्हटलं नव्हतं. लोकांना सांगितलं होतं, बँकेत सांगितलं होतं, संस्थांना सांगितलं होतं. एकमेकांना नाही.

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले आणि त्यांचा गुडघा धरला.

"न्हाय, मामा," मी म्हटलं. "कधीच न्हाय."

मग ते रडायला लागले. मोठ्यानं, तोंड न झाकता. त्यांच्याबरोबर मीही रडले, आणि वरच्या मजल्यावर चहा उकळून उकळून आटला तरी आमच्यातलं कुणी उठलं नाही.